निवासी, अनिवासी आणि नऊ दिवसांचा घोळ

अकरा वर्षांत पहिल्यांदाच कंपनीने लाभांश जाहीर केला आणि पुढच्या दहा मिनिटांत आई रडायला लागल्या.

लाभांश कमी पडला म्हणून नव्हे. प्रत्येक भागधारकाला ऐंशी हजार, म्हणजे बिजागऱ्या विकून पोट भरणाऱ्या घरात चांगलीच चैन होती, आणि ते पैसे दादांच्या हातून सुटत होते हे तर आक्रीतच होतं. दादा म्हणजे वाकलेल्या टाचण्या सरळ करून पुन्हा डबीत ठेवणारा माणूस. आई रडल्या त्या मामांच्या तोंडून निघालेल्या एका शब्दामुळे.

“धाकट्याच्या रकमेतून वीस टक्के कर कापावा लागेल,” मामा चष्मा पुसत म्हणाले. “सोळा हजार. तो अनिवासी आहे.”

“कोण अनिवासी?”

“तुझा धाकटा.”

“माझा मुलगा अनिवासी? त्याच्या चपला दारात आहेत, त्याचा दाढीचा ब्रश आरशाखाली आहे, त्याची बायको ही अशी धडधडीत माझ्यासमोर बसली आहे, आणि तू माझाच चहा पिऊन त्याला घराबाहेर काढतोस?”

“मी नाही काढत, अक्का. कायदा काढतो. कलम सहा.”

मामा पेशाने करसल्लागार. पाणी हवं असलं तरी ते एखाद्या कलमाखाली मागत, म्हणून घरात त्यांचं नाव कलममामा पडलं होतं. बहिणीचा धाक त्यांना लहानपणापासून होता, पण कायद्याचा त्याहून जास्त होता. आज या दोन धाकांच्या मधोमध त्यांची खुर्ची आली होती.

वार्षिक सभा नेहमीप्रमाणे कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी भरली होती. खाली प्रेस चालू होती. तिच्या दर ठोक्याला खाली एक बिजागरी तयार होई आणि वर कपातला चहा दचके. अध्यक्षस्थानी आई. त्यांच्या उजवीकडे व्यवस्थापकीय संचालक दादा. दादांच्या शेजारी त्यांची बायको, थोरली जाऊ, जी भागधारक नव्हती, पण जिने आजवर एकही सभा चुकवली नव्हती. आणि टेबलाच्या टोकाला, मांडीवर कारखान्याचं हजेरीपुस्तक घेऊन धाकटी.

हजेरी हे धाकटीचं खातं. कामगार दारातून आत आला की ‘ह’, नाही आला की ‘गै’. कुणी कितीही गयावया केली, “बाई, उद्याची आजच लावून ठेवा, उद्या जरा उशीर होईल,” तरी तिने आगाऊ हजेरी आजवर लावली नव्हती. बत्तीस कामगारांच्या नावांखाली तेहतिसावी ओळ होती, पेन्सिलीने लिहिलेली. ती तिच्या नवऱ्याची.

दोन वर्षांपूर्वी, त्या प्लॅस्टिकच्या बिजागरीच्या भांडणात, दादांनी धाकट्या भावाचं नाव हजेरीपुस्तकातून लाल शाईने खोडलं होतं. प्लॅस्टिकची बिजागरी काढावी असं धाकटा म्हणाला होता. “प्लॅस्टिकच्या बिजागरीवर दार नाही, बाहुलीघर टांगतात,” असं दादा म्हणाले होते. त्यानंतर धाकटा पाण्याखालचं वेल्डिंग शिकला आणि परदेशात एका पुलाचे खांब जोडायच्या कंत्राटावर गेला. काही आठवडे तिकडे, काही आठवडे इकडे. घरात त्याला पाणबुड्या म्हणत. धाकटीने त्याची ओळ पेन्सिलीने पुन्हा लिहिली, आणि दादांनी ती रोज पाहिली, पण खोडली नाही.

त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात आज एक पत्र होतं, आणि त्याचा पत्ता टेबलाशी बसलेल्या दुसऱ्या कुणालाच नव्हता. पाणबुड्याला आणखी दोन वर्षांचं कंत्राट देऊ केलं होतं, या खेपेला सलग, मधल्या सुट्ट्या नाहीत. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ‘तुला काय वाटतं?’ एवढंच त्याने खाली लिहिलं होतं. धाकटीने पाच दिवस उत्तर दिलं नव्हतं. हे असलं पत्रातून विचारतात का? समोर बसावं, डोळ्यांत बघावं, मग विचारावं. पण समोर बसायला माणूस घरी यायला हवा ना! मामांनी ‘अनिवासी’ म्हटलं तेव्हा आईंना रडू आलं, आणि धाकटीने पुस्तकाचा पुठ्ठा घट्ट मिटला.

“मामा, नीट सांगा,” दादा म्हणाले. सोळा हजार भावाचे जाणार होते, पण हळहळ दादांच्या तोंडावर होती. वाया जाणारा पैसा कुणाचाही असला तरी त्यांना तो स्वतःचाच वाटे.

“वर्षातले निम्मे दिवस, म्हणजे एकशे ब्याऐंशी, इथे असला तर निवासी. मग लाभांश त्याच्या इथल्या कमाईत धरायचा. इथली त्याची दुसरी कमाई शून्य, म्हणून कर शून्य. तिकडच्या मजुरीवर तिकडे कर कापतात, दोन देशांचा तसा करार आहे, ती मोजायची नाही. पण अनिवासी ठरला तर पहिल्या पैशापासून सरसकट वीस टक्के, आणि तेही कंपनीनेच कापून भरायचे. नाही कापले तर उद्या नोटीस तुला येणार.”

“करार आहे म्हणता, मग लाभांशावर सवलत नाही का त्यात?” थोरलीने विचारलं.

“आहे की. दहा टक्के. पण तो तिकडचा निवासी आहे असा तिकडच्या कचेरीचा दाखला लागतो. ते देत नाहीत. म्हणतात, हा तात्पुरता कंत्राटी, लोखंडी डब्यात राहतो, हा कसला निवासी?”

“म्हणजे इकडचे म्हणतात हा गेलेला, आणि तिकडचे म्हणतात हा आलेलाच नाही!”

“अगदी बरोबर.”

“मग माझं पोर आहे कुठे?” आई कडाडल्या.

“पाण्याखाली,” दादा म्हणाले. “चारपर्यंत. फोन लागणार नाही.”

मामांनी पिशवीतून एक अर्ज काढला. माणूस कुठल्या देशाचा यावर वाद झाला तर त्यासाठी करारात काही प्रश्न आहेत, ते भरून कंपनीच्या दप्तरी ठेवलेले बरे, असं ते म्हणाले. पहिला प्रश्न कायम घर कुठे, हा सहज सुटला. दुसरा मामांनी वाचला आणि वाचल्याचा त्यांना लगेच पश्चात्ताप झाला.

“जिव्हाळ्याच्या संबंधांचं केंद्र.”

“असं छापलंय?” थोरलीचे डोळे चमकले.

“छापलंय.”

“लिही,” आई म्हणाल्या. “आई.”

“अक्का, देशाचं नाव लिहायचं असतं. पण खाली खुलाशात कुणामुळे ते लिहावं लागतं. सर्वसाधारणपणे पत्नी…”

“नऊ महिने कुणी पोटात ठेवलं? ते निवासाचे दिवस धरलेत का तुझ्या कलमात?”

“अगं आई, त्याच्या लग्नाला सात वर्षं झाली,” दादा म्हणाले. नेहमी आईच्या बाजूने असणारे दादा एकदम भावजयीच्या बाजूला सरकलेले पाहून थोरली लगेच सासूच्या बाजूला गेली. तेवढा समतोल ती घरात नेहमीच राखत असे.

“आईंचंच लिहा,” थोरली म्हणाली. “धाकटीला काय, ती हजेरी लावते. माया आईंचीच.”

धाकटी मूग गिळून बसली. एरवी तिने थोरलीला असं उत्तर दिलं असतं की खालची प्रेस थांबली असती. पण पुठ्ठ्यातलं पत्र मांडीला टोचत होतं.

“केंद्र राहू दे, आधी दिवस मोजू,” मामा घाम पुसत म्हणाले. “पासपोर्टवर शिक्के असतील.”

“तो पाण्यात पडला,” दादा म्हणाले. “नवा काढलाय, कोरा.”

“पाणबुड्याने पासपोर्ट खिशात ठेवून उडी मारली?”

“मारली.”

तेव्हा आई उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आपटलं.

या कॅलेंडरचा घरात सगळ्यांना ताप होता. कंपनी ते गिऱ्हाइकांना फुकट वाटे, रोज एक पान फाडायचं, आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. पण घरच्या कॅलेंडरचं पान फक्त आई फाडत, आणि तेही धाकटा घरी नसेल त्याच दिवशी. ‘तो घरात असताना दिवस मोजायचे नसतात,’ असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घरात कायम भलताच महिना चालू असे. थोरली त्या तारखेवर विसंबून दाताच्या डॉक्टरकडे एकदा दोन महिने उशिरा गेली होती. तोवर दात आपला आपणच पडला होता.

“कॅलेंडर जितके दिवस मागे, तितके दिवस तो घरी!” मामा खुर्चीतून अर्धे उठले. “अक्का, हा तर पुरावा आहे!” त्यांनी आजची तारीख मांडली, कॅलेंडरची मांडली, बोटं मोजली, पुन्हा मोजली. “एकशे पंच्याऐंशी! निवासी!”

आईंनी डोळे पुसले आणि भावाकडे विजयी नजरेने पाहिलं. दादांनी सोळा हजार वाचल्याबद्दल एक बिस्किट जास्त घेतलं.

“हजेरीपुस्तकाशी ताडून बघा की,” थोरली गोड आवाजात म्हणाली. “धाकटी लावतेच त्याची हजेरी. सगळ्यांना ठाऊक आहे.”

धाकटीने पानं उलटली. पेन्सिलीचे ‘ह’ तिला मोजावे लागले नाहीत. रोज मोजलेलेच होते.

“एकशे शहात्तर,” ती म्हणाली.

खाली प्रेसचे दोन-तीन ठोके पडले. चहा दोन-तीनदा दचकला.

“नऊ दिवसांचा फरक,” मामा म्हणाले.

“म्हणजे नऊ दिवस तो देशात होता,” थोरली प्रत्येक शब्द चघळत म्हणाली, “आणि बायकोला माहीत नव्हतं. आईंना माहीत होतं.”

धाकटीने पानं पुन्हा चाळली. नऊ दिवस! कुठे होता? कुणाकडे? आणि आईंना सांगून? मुलगा येऊन जातो, आई कॅलेंडर थांबवते, आणि आपण इकडे मुकाट्याने ‘गै’ लिहीत बसतो. तिने सासूकडे पाहिलं. सासूने तिच्याकडे पाहिलं नाही. कॅलेंडरच्या कोपऱ्यातला नसलेला धूळकण त्या नखाने काढत होत्या.

“आई,” धाकटी म्हणाली. “कधी आला होता तो?”

“कोण?”

“आई!”

“नव्हता आला,” आई पुटपुटल्या.

“मग पानं का नाही फाडली?” मामांनी विचारलं. “अक्का, हा पुरावा आहे. खोटा पुरावा म्हणजे कलम…”

“खड्ड्यात गेलं तुझं कलम!” आई एकदम रडकुंडीला आल्या. “तो जातो ना, तेव्हा तीन दिवस मी तो गेलाय असं धरतच नाही. उशीला त्याच्या तेलाचा वास असतो. न्हाणीघरात ओला टॉवेल असतो. जेवताना ताट मी चुकून मांडते. चौथ्या दिवशी वास जातो, मग मी पान फाडते. वर्षात तीनदा गेला. तीन त्रिक नऊ. लिही तुझ्या अर्जात.”

दादांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

धाकटीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याच्या उशीचा अभ्रा आई तीन-तीन दिवस धुवायला का देत नाहीत, हे कोडं तिला दोन वर्षांनी सुटलं होतं. ती उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि सासूच्या शेजारी बसली. थोरलीने बाजू बदलायला तोंड उघडलं, पण आता बाजूच शिल्लक राहिली नव्हती.

“मग एकशे शहात्तर,” मामा खाकरले. त्यांचं पेन चालूच होतं. “अनिवासी. सोळा हजार कापू?”

“थांबा,” धाकटी म्हणाली.

हजेरीपुस्तक तिच्यासमोर उघडं होतं. तेहतिसाव्या ओळीत आजच्या ‘गै’नंतर वर्ष संपेपर्यंतचे चौकोन रिकामे होते. तिने बोट ठेवून मोजले. एक, दोन, तीन. पुन्हा मोजले.

“मामा, माणूस ज्या दिवशी येतो तो दिवस धरतात?”

“धरतात. रात्री बारापर्यंत उतरला तरी धरतात.”

“वर्षाचे उद्यापासून सहा दिवस उरलेत. एकशे शहात्तर आणि सहा?”

मामांचं पेन हवेत थांबलं.

“एकशे ब्याऐंशी,” दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं जे धाकटीने प्लॅस्टिकच्या भांडणानंतर ऐकलं नव्हतं. “म्हणजे तो उद्या घरात हवा.”

“पण तो पाण्याखाली…” थोरली म्हणाली, आणि तेवढ्यात टेबलावरचा धाकटीचा फोन वाजला.

“हालो,” पलीकडून नाक चोंदलेला आवाज आला आणि पाठोपाठ अशी शिंक आली की आईंनी सवयीने “शतायुषी हो” म्हटलं. धाकटीने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

“तू पाण्यात नाहीस?”

“सर्दी झालीय. सर्दी असली की उतरू देत नाहीत. दोन दिवस डब्यात पडून आहे. पत्राचं काही कळवलं नाहीस म्हणून…”

“कसलं पत्र?” थोरली.

“जावयबापू…” मामा गोंधळात भलतंच बोलून गेले आणि सावरले. “भाच्या, मी मामा. एका अर्जासाठी विचारतो, खरं उत्तर दे. तुझ्या जिव्हाळ्याच्या संबंधांचं केंद्र कुठे आहे?”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

“आई ऐकतेय का?”

“नाही!” सगळे एका सुरात ओरडले. त्यात आईंचा आवाज सर्वांत मोठा होता.

“मग बायकोचं लिहा.”

“मला ऐकू आलं!” आई ओरडल्या. मग जरा दम घेऊन, भावाकडे वळून म्हणाल्या, “लिही रे. मला काय, मी अध्यक्ष आहे.”

धाकटीने फोन हातात घेतला. कान लाल झाले होते, पण आवाज हजेरी घेताना असतो तसाच आला. “उद्या रात्री बाराच्या आत तू इथे यायचंस. सर्दीसकट. नाहीतर सोळा हजार जातील.”

“उद्या? अगं, पण…”

“विमानात बसता येईल का तुला?”

“पाण्यातून वर आल्यावर लगेच नाही बसता येत. पण दोन दिवस मी कोरडाच आहे. येईल बसता. सहा दिवस रजा मागतो, तसंही हे मला उतरू देणार नाहीत. पण पत्राचं काय? शुक्रवार…”

“ते समोर बसून विचार. तेव्हा सांगते.”

पलीकडे एक शिंक, मग हळूच, “बरं.”

तोवर दादांनी स्वतःच्या फोनवर विमानाचं तिकीट शोधलं होतं. धाकटीला तो आकडा दिसला. त्रेचाळीस हजार, आणि तेही फक्त येण्याचे. मामांनाही दिसला.

“अरे, हे काय?” मामा म्हणाले. “सोळा वाचवायला त्रेचाळीस? हा तर कोहळा देऊन आवळा…”

आईंनी मामांच्या तोंडात बिस्किट घातलं. अख्खं.

दादांनी आकड्यावर तळवा ठेवला. आयुष्यात कधी न केलेली गोष्ट ते करत होते आणि त्यांची मान लालबुंद झाली होती. दुसऱ्या हाताने त्यांनी सभेच्या इतिवृत्तात लिहायला घेतलं आणि मोठ्याने वाचत गेले: “एका भागधारकाच्या करबचतीसाठी… प्रवासखर्च… कंपनीच्या नव्हे, व्यवस्थापकीय संचालकांच्या खिशातून… मंजूर.”

“म्हणजे किती बचत झाली?” थोरलीने विचारलं.

“सोळा हजार,” दादा म्हणाले, आणि इतक्या रागाने म्हणाले की पुढे कुणी काही विचारलं नाही. मग धाकटीकडे न बघता त्यांनी विचारलं, “त्याच्याकडे ते प्लॅस्टिकचं चित्र अजून असेल का गं? बिजागरीचं?”

“माझ्याकडे आहे,” धाकटी म्हणाली.

“काढून ठेव. बघू नुसतं. बघायला काय पैसे पडतात?”

आई कॅलेंडर पुन्हा भिंतीला लावायला गेल्या. आजचं पान फाडायचं होतं, कारण तो अजून आलेला नव्हता. त्यांनी पानाचा कोपरा चिमटीत धरला, थोडा वेळ तसाच धरला आणि सोडून दिला.

खाली दुपारच्या पाळीचा भोंगा वाजला. दारातून कुणीतरी ओरडलं, “बाई, उद्याची आजच लावून ठेवाल का?” “नाही!” धाकटी रोजच्यासारखी ओरडली. मग तिने पुठ्ठ्यातून पेन काढलं, पेन्सिल नव्हे, आणि तेहतिसाव्या ओळीतल्या उद्याच्या चौकोनात शाईने ‘ह’ लिहिला.